गोठ्याचा ट्रॅक्टर: एचपीच्या आधी काय बघावं

मंडळी, ट्रॅक्टर घ्यायला निघालेला दूध उत्पादक पहिला प्रश्न विचारतो एचपीचा, दुसरा डिझेलचा आणि तिसरा हप्त्याचा. गोठ्यातल्या कामाचा विषय क्वचितच निघतो, कारण ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे नांगरट येते. पण वीसेक गाईंच्या गोठ्यावर नांगराला ट्रॅक्टर वर्षातून मोजके दिवस लागतो. उरलेलं वर्ष तो चारा आणतो, कुट्टी करतो, शेण ओढतो, मुरघासाच्या (हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्यावर मागे-पुढे फिरतो आणि गव्हाणीशेजारच्या अरुंद वाटेने रिव्हर्स घेतो. या कामांत ओढण्याच्या ताकदीपेक्षा पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट), क्लच, लिफ्ट आणि वजन जास्त महत्त्वाचं. उदाहरणाला २० दुभत्या गाई धरू. मक्याचा मुरघास, थोडी लसूणघास, बांधाला फुले जयवंतसारखं संकरित नेपियर गवत आणि सोयाबीनचं भुसकट किंवा भाताचा पेंढा विकत आणलेला. अहिल्यानगरपासून सांगलीपर्यंत असे गोठे भरपूर आहेत.

आधी पीटीओ. ४५ एचपी हा आकडा इंजिनचा असतो. पीटीओच्या टोकाला त्यातले साधारण ८५ ते ९० टक्के पोचतात, म्हणजे ३८ ते ४०. कुट्टी, बेलर (चाऱ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र), मोअर (चारा कापणारं यंत्र) यांना जो जोर मिळतो तो एवढाच. त्यातही एक मेख आहे. माहितीपत्रकातला पीटीओचा सर्वाधिक आकडा बहुतेक वेळा इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असतानाचा असतो. अवजाराला मात्र मिनिटाला ५४० फेरे लागतात. काही ट्रॅक्टर ते ५४० फेरे इंजिनच्या १५०० आरपीएमच्या (मिनिटाच्या फेऱ्यांच्या) आसपास देतात, काही १८०० किंवा त्याहून वर. कमी आरपीएमवर ५४० मिळाले तर हलक्या कामात डिझेल वाचतं, पण तिथे इंजिनची ताकदही कमी असते, आणि जाड मक्याचा भारा आत गेला की फेरे पडतात. म्हणून दोन्ही वेग देणारा पीटीओ असेल तर उत्तम. नसेल तर ५४० फेऱ्यांवर नेमके किती एचपी मिळतात, हे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र चाचणी संस्थेच्या अहवालात बघा. विक्रेत्याकडे तो मागायचा. टाळाटाळ झाली तर त्यातूनही काय समजायचं ते समजतं.

मग किती एचपी पुरेत? एका ओळीच्या मका हार्वेस्टरचा ढोबळ हिशेब सांगतो. हिरवा मका सेंटिमीटरभर लांबीचा कापायला टनामागे २ ते ३ एचपी-तास लागतात. तासाला १० टन कापायचे तर २० ते ३० एचपी नुसत्या कापणीला गेले. यंत्र आणि ट्रॅक्टर शेतातून पुढे सरकवायला वर ८-१०. म्हणजे पीटीओला ४० च्या आसपास हवेत, तेही पात्याला धार असताना. पाती बोथट झाली की हाच हिशेब कोलमडतो. चारा कापला न जाता फाटतो, इंजिन काळा धूर सोडतं आणि दोष ट्रॅक्टरला दिला जातो. नेपियरचंही तसंच. दोन-अडीच महिन्यांवर कापलेला आणि चार महिने वाढवून टणक झालेला, या दोन्हींना सारखाच जोर पुरत नाही.

इथून काहींना वाटतं, मग ५५ चा घेऊन टाकावा. थांबा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या उत्सर्जनाचे निकष लागू झाले. त्यामुळे तिथे कॉमन रेल इंधन यंत्रणा, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, किंमत चढली, आणि बिघाड झाला की गावातल्या मेस्त्रीचा हात चालत नाही. बाजारात ५० च्या जरासे अलीकडे थांबणारे इतके मॉडेल का दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. २० गाईंना ४२ ते ४९ एचपी पुरतात. मुरघासाचे तीन-चार दिवस मोठा हार्वेस्टर भाड्याने आणलेला परवडतो. त्या चार दिवसांसाठी वर्षभराचा हप्ता वाढवण्यात अर्थ नाही.

क्लचवर मात्र तडजोड नको. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. बेलरपुढे पेंढ्याची ओळ अचानक जाड आली, तुम्ही गाडी थांबवायला क्लच दाबला, की बेलरही थांबतो आणि तोंडात भुसकट अडकून बसतं. उलटही घडतं. मोअर किंवा बेलरचं जड चाक क्लच दाबल्यावरही स्वतःच्या गतीने फिरत राहतं आणि पीटीओतून उलट जोर देऊन ट्रॅक्टर पुढे ढकलतं. गोठ्याच्या भिंतीजवळ हा धक्का महागात पडतो. ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. ड्रायव्हर रोजचा असेल तर ते चालतं. ड्रायव्हर बदलते असतील तर पीटीओला वेगळा लिव्हर असलेला इंडिपेंडंट क्लचच घ्या, कारण अर्ध्या पेडलचा अंदाज प्रत्येकाच्या पायाला नसतो आणि क्लच प्लेट जळते ती तिथेच.

गिअरबद्दल एकच गोष्ट तपासा: पीटीओ ५४० वर असताना ताशी २ ते ५ किलोमीटरच्या पट्ट्यात किती गिअर मिळतात. हार्वेस्टरला २-३ किलोमीटर, बेलरला ३ ते ५ किलोमीटर वेग लागतो. त्या पट्ट्यात एकच गिअर असेल तर पीक दाट झाल्यावर वेग कमी करायला तुम्ही थ्रॉटल खाली आणता, आणि त्याबरोबर पीटीओचे फेरेही खाली येतात. यंत्र चोंदतं ते यामुळेच. १२ पुढचे गिअर म्हणून खूश होऊ नका; त्यातले सात रस्त्याचे असू शकतात. गोठ्यात सतत पुढे-मागे करायचं असेल तर शटल लिव्हर मनगटाचा त्रास वाचवतो.

आता वजन. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एका गाईला दिवसाला १५ किलो मुरघास धरला तर २० गाईंना वर्षाला ११० टन लागतो, नासधूस वेगळी. मुरघास टिकतो तो हवा बाहेर काढल्यामुळे, आणि हवा निघते ट्रॅक्टरच्या वजनाने. जुना, कसाला उतरलेला ठोकताळा असा: खड्ड्यात ताशी जितके टन चारा पडतो, त्याला ४०० ने गुणा, तितके किलो वजन दाबायला हवं. ४५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण २००० ते २२०० किलोचा. म्हणजे तो ताशी ५ ते साडेपाच टन चारा नीट दाबू शकतो. पण भाड्याचा हार्वेस्टर ताशी १० टन ओततोय! अशा वेळी चारा दाबला जात नाही, नुसता पसरला जातो. दीड महिन्याने खड्डा उघडल्यावर वरचा हातभर थर काळा आणि बुरशीचा निघतो, आणि दोष चाऱ्यात मिसळलेल्या जिवाणूंच्या कल्चरच्या पुडीला जातो. उपाय दोनच: दुसरा ट्रॅक्टर दाबणीला लावा, नाहीतर हार्वेस्टरवाल्याला हळू चालवायला सांगा. थर १५ सेंटिमीटरच्या वर नको. मागच्या टायरमध्ये पाणी भरून आणि चाकांना वजनं लावून तीन-चारशे किलो वाढवता येतात. दाबणीला रुंद टायरपेक्षा अरुंद टायर बरा, कारण चौरस इंचावर भार जास्त पडतो. आणि ज्या ट्रॅक्टरने सकाळी शेण ओढलं तो टायर न धुता खड्ड्यावर चढवू नका. शेण-मातीतले जिवाणू मुरघासात गेले की आंबट वासाऐवजी कुबट वास येतो आणि गाई तोंड फिरवतात.

ट्रॅक्टरपुढे बकेटचा लोडर लावायचा विचार असेल तर निर्णय वेगळा होतो. एक तृतीयांश घनमीटरच्या बकेटमध्ये ओलं शेण ३०० किलोच्या आसपास भरतं. लोडरचा सांगाडा त्याहून जड. हा सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. टू-व्हीलचा (फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या ट्रॅक्टरचा) पुढचा अ‍ॅक्सल नांगरटीत हलका राहतो, तो या भारासाठी केलेला नसतो. किंगपिन आणि बेअरिंग आधी जातात, मग स्पिंडल. लोडर म्हटला की फोर-व्हील, पॉवर स्टीअरिंग, डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्हच्या दोन जोड्या आणि मागे लिफ्टवर तीन-चारशे किलोचा प्रतिभार, हे ठरलेलं. पण गोठ्याच्या सिमेंट काँक्रीटवर फोर-व्हील घालून फिरू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतात. मातीत ते घसरून जुळतं, काँक्रीटवर टायर झिजतो आणि गिअरवर ताण येतो. लोडर नको असेल आणि जमीन सपाट असेल तर टू-व्हील घेऊन वाचलेल्या पैशांत चांगला मोअर येतो.

लिफ्टची क्षमता १५०० ते १८०० किलो लिहिलेली असते, ती खालच्या आर्मच्या टोकाला मोजलेली. अवजाराचं वजन त्याच्या मागे असतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमी उचललं जातं. बुदनीच्या अहवालात टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला आकडाही असतो. खरा तो धरा. अवजार उचलल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टीअरिंग ऐकेनासं झालं तर पुढे वजनं लावा. पुढच्या अ‍ॅक्सलवर एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार राहायलाच हवा. आणि पीटीओ चालू ठेवून अवजार उंच उचलू नका, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो.

बेलर घेणाऱ्यांसाठी थोडं. छोट्या चौकोनी बेलरला ४० ते ४५ एचपी लागतात ते गठ्ठा दाबण्यापेक्षा दट्ट्याचे धक्के सोसायला आणि दीड टनाचं यंत्र चढावर ओढायला. सुका चारा बांधताना ओलावा १८-२० टक्क्यांच्या आत हवा. त्याहून ओली लसूणघास बांधली तर गठ्ठा आतून तापतो. वाळत घातलेली लसूणघास उलटायची असेल तर पानं नरम असताना उलटा, कडक वाळल्यावर निम्मी पानं शेतातच झडतात. फ्लायव्हीलचा शेअर बोल्ट तुटला की जाड कडक बोल्ट ठोकायची खोड अनेकांना असते. तो बोल्ट तुटण्यासाठीच आहे. तो टिकला की गिअरबॉक्स तुटतो. या कामात भुसकट रेडिएटरच्या जाळीवर बसतं. तापमानाचा काटा चढायला लागला की हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारून जाळी साफ करा, बाहेरून आत नको. सायलेन्सर खाली सोडलेला ट्रॅक्टर सुक्या पेंढ्यात नेऊ नका.

कडबाकुट्टीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. रोजची कुट्टी ट्रॅक्टरवर करणं म्हणजे डिझेल जाळणं. २० गाईंच्या रोजच्या कुट्टीला ५ एचपीची विजेची मोटर पुरते. वीज नसेल तेव्हाच ट्रॅक्टर जोडा, आणि जोडलात तर पीटीओचं कव्हर काढून ठेवू नका. उपरणं किंवा पदर गुंतला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही.

घेण्याआधी चालवून बघा, शोरूमच्या डांबरावर नव्हे, स्वतःच्या गोठ्यात. तुमचं सगळ्यात जड अवजार जोडा. गव्हाणीच्या वाटेने रिव्हर्स घ्या. ट्रॅक्टरची रुंदी १८० सेंटिमीटरच्या आसपास असते, आरसे आणि टायरचा फुगवटा धरून मोजा. पीटीओ ५४० वर ठेवून २० मीटर अंतर खुणेने आखा आणि घड्याळ लावा: २४ सेकंद लागले तर वेग ताशी ३ किलोमीटर. अवजार वर उचलून इंजिन बंद करा आणि अर्धा तास चहा घ्या. जुना ट्रॅक्टर असेल आणि तोवर अवजार वीतभर खाली आलं असेल, तर लिफ्टच्या सिलिंडरचं किंवा व्हॉल्व्हचं काम निघणार, ते किमतीतून वजा करा. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडू नका. आधी फाडलेलं बिल प्रस्तावात चालत नाही.