धागा धाग्याला ओळखतो

[दृश्य: वडगाव, बेळगाव. सकाळ.]

वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत शिरलं की माणसांआधी मागांचा खटखटाट भेटतो. या घरातला माग मात्र आज गप्प आहे. जुना ताणा संपलाय. काकू मागापुढे मांडी घालून बसल्यात. राखेत बोट टेकवायचं, जुन्या धाग्याचं टोक नव्या टोकावर धरायचं, पीळ द्यायचा. झाला एक. असे हजारो.

"घाई केलीस तर गुंता होतोय बघ," मान वर न करता त्या सांगतात.

[दृश्य: पिळावर कॅमेरा जवळ जातो.]

असाच पीळ आपल्या शरीरातल्या पेशींत आहे. डीएनए. जाडी अवघी 2 नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे 40 हजारांच्या आसपास पीळ शेजारी-शेजारी मावतील. त्याचे दोन पदर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेले. ए समोर टी, जी समोर सी, जोडी ठरलेली. म्हणून अक्षरं नीट मांडली, तर टोक आपलं जोडीदार टोक आपणच शोधतं.

यातून स्फटिक, म्हणजे रेणू ओळीनं नीट रचलेला खडा, बांधता येईल, हे सुचलं अमेरिकेतल्या नेड सीमन यांना. रेणूची रचना क्ष-किरणांनी पाहायची तर त्याचा स्फटिक हवा, आणि त्यांच्या प्रयोगात स्फटिकच धरत नव्हते. 1980 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरातल्या एका पबमध्ये बसले असताना त्यांना चित्रकार एशरचे रांगेत पोहणारे मासे आठवले. तोंड, शेपूट, वर-खाली आणि डावी-उजवीकडचे पर: प्रत्येक माशाला सहा दिशा. डीएनएचा सांधा असाच सहा बाजूंनी फुटला तर?

अडचण होती. सजीवांत डीएनएला फाटे फुटतात, पण ते सांधे एका जागी थांबत नाहीत, सरकत राहतात. सीमन यांनी अक्षरांचा क्रमच असा निवडला की सांध्याला सरकायला वाव उरू नये. मला या कामातली सगळ्यात मोठी झेप हीच वाटते. 1982 मध्ये त्यांनी ही कल्पना छापली. 1991 मध्ये डीएनएचा घन, म्हणजे सहा चौरस बाजूंचा ठोकळा, झाला. स्फटिकाला मात्र 2009 उजाडलं.

[दृश्य: पाण्याचा थेंब.]

डीएनएच्या सात धाग्यांचा एक त्रिकोण, बाजू 7 नॅनोमीटर. त्याच्या टोकांना फक्त दोन-दोन अक्षरं मोकळी ठेवलेली. द्रावण गरम करायचं आणि तासनतास, अगदी सावकाश निवू द्यायचं. इथंही घाई चालत नाही. हळूहळू एकेक त्रिकोण सहा शेजाऱ्यांना धरतो, त्या माशांसारखाच. क्ष-किरणांनी तपासलं, तर आत कागदावर आखली होती तीच रचना.

तयार झालेला खडा पाव मिलिमीटरचा, बारीक रव्याच्या कणाएवढा. त्याच्या एका कडेलाच सुमारे 35 हजार त्रिकोण, आणि त्यातला एकही सांधा कुणी हातानं जोडलेला नाही.