सिग्नलच्या अलीकडची सावली

एप्रिलची दुपार. पुण्यात कर्वे रस्त्यावर सिग्नल लाल झालाय, पण दुचाकी पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेलेल्याच नाहीत. वीस-पंचवीस फूट अलीकडे, झाडाखाली थांबल्यात. सनकोट, स्कार्फ, हातमोजे असा सगळा जामानिमा आहे, तरी सावलीचा तो तुकडा कुणी सोडत नाही. एरवी याच चौकांत पट्ट्यापुढे चाक घालायची चढाओढ असते!

गंमत म्हणजे, या सावलीतल्या हवेचं तापमान उन्हातल्यापेक्षा बहुधा एखाद-दोन अंशांनीच कमी असतं. मग अंगाला एवढं बरं का वाटतं? डोक्यावरचं ऊन अडतं, आणि सावलीतलं डांबरही तापलेलं नसतं. खालून येणारी धग लागत नाही.

सावली मेट्रोच्या पुलाचीही पडते. मेट्रो इथून 2022 पासून धावते. पण काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते परत करतं. पान स्वतःतलं पाणी वाफ करून गार राहतं. एका लिटरची वाफ व्हायला लागणारी उष्णता म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश युनिट वीज. अर्थात, त्यासाठी मुळांना ओल हवी. इथे बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक बसवलेत. पाणी मुरणार कुठून?

आता हे वडाचं पान. बोट फिरवलं की काळी रेघ उमटते. ही धूळ आपल्या छातीत गेली नाही, हे खरं. पण पावसाळा येईपर्यंत पान धुतलं जात नाही, आणि वारा सुटला की त्यातली थोडी पुन्हा उडते. शिवाय अरुंद रस्त्यावर फांद्यांचा मांडव दाट झाला, तर खालचा धूर वर जायला वाट उरत नाही. झाड धुराचा बंदोबस्त करील, या भरवशावर गाड्या वाढवत राहणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

झाड कोणतं, यानेही फरक पडतो. वेताळ टेकडीवर गिरिपुष्प भरपूर लावलंय. मूळचं अमेरिका खंडातलं, लवकर वाढणारं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी लगडतं, तेव्हा अंगावर पान नसतं. लोक फोटो काढतात, आणि टेकायला कडुनिंबाखाली जातात.