ठराव, घोषणा आणि भूजवरून फिरलेले उपग्रह

४ ऑक्टोबर १९५७ची संध्याकाळ. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत मेजवानी सुरू आहे. अग्निबाण आणि उपग्रह यांवर आठवडाभर चाललेल्या परिषदेचे प्रतिनिधी निरोपासाठी जमले आहेत. तेवढ्यात एका पत्रकाराला दूरध्वनी येतो आणि थोड्याच वेळात अमेरिकी शास्त्रज्ञ लॉइड बर्कनर टाळ्या वाजवून सर्वांचे लक्ष वेधून घेतात. सोव्हिएत उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला आहे, असे जाहीर करून ते यजमानांचे अभिनंदन करतात.

स्पुटनिक या त्या उपग्रहाचा जन्म शीतयुद्धाच्या चढाओढीत झाला, हे खरेच आहे. पण उपग्रह सोडण्याचे आवाहन बरोबर तीन वर्षे आधी, ४ ऑक्टोबर १९५४ रोजी, रोममधील एका बैठकीने केले होते. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाची, म्हणजे १९५७-५८ मध्ये अनेक देशांनी मिळून करायच्या पृथ्वीच्या अभ्यासाची, आखणी करणाऱ्या समितीची ती बैठक होती. पुढच्या जुलैत अमेरिकेने उपग्रहाची योजना जाहीर केली आणि चारच दिवसांनी, कोपनहेगनमध्ये अंतराळ काँग्रेस ही शास्त्रज्ञांची परिषद भरलेली असताना, सोव्हिएत शास्त्रज्ञ लिओनिद सेदोव्ह यांनी आपल्या देशाचाही तसाच मानस असल्याचे पत्रकारांना सांगितले. अर्थात, ठरावाने अग्निबाण उडत नाही. सोव्हिएत अग्निबाणांचे अभियंते सर्गेई कोरोलेव्ह यांनी रोमच्या बैठकीपूर्वीच आपल्या सरकारपुढे उपग्रहाचा प्रस्ताव ठेवला होता. रोमच्या ठरावाने दोन्ही सरकारांना एक शांततामय, वैज्ञानिक कारण आणि एक मुदत मिळवून दिली, आणि माझ्या मते हे काम लहान नव्हते.

आज अंतराळ परिषदांचे रूप बदलले आहे. पॅरिसमध्ये १९५० साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय अंतराळ काँग्रेस २००७ मध्ये हैदराबादलाही भरली होती. आता तिथे शोधनिबंधांच्या जोडीला कंपन्यांची झगमगती दालने असतात, सामंजस्य करारांवर सह्या होतात आणि मोठमोठ्या घोषणा होतात. २०१७ साली ॲडलेडच्या काँग्रेसमध्ये इलॉन मस्क यांनी २०२२ पर्यंत मंगळावर किमान दोन मालवाहू याने उतरवण्याचा बेत मांडला. ही केवळ आकांक्षा आहे, असे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु २०२२ साल आले आणि गेले, तरी त्यांचे एकही यान मंगळाकडे निघाले नाही, आणि त्याचा जाब विचारण्याची कोणतीही सोय त्या व्यासपीठाकडे नव्हती. टाळ्या मिळवणारी घोषणा आणि कोणावर तरी काम सोपवणारा ठराव यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

हा फरक समजून घ्यायचा तर व्हिएन्नाला जावे लागते. बाह्य अवकाशाच्या शांततामय वापरासाठी संयुक्त राष्ट्रांनी तिथे तीन मोठ्या परिषदा भरवल्या आणि तिन्हींत भारतीयांवर मोठी जबाबदारी होती. १९६८ मध्ये विक्रम साराभाई वैज्ञानिक अध्यक्ष होते. १९८२ च्या परिषदेचे महासचिव यशपाल होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचा, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचा, अभ्यास केलेले आणि नंतर खेड्यांपर्यंत उपग्रहाने दूरचित्रवाणी पोहोचवण्याच्या प्रयोगात रमलेले हे शास्त्रज्ञ. जुलै १९९९ मधील तिसऱ्या परिषदेचे अध्यक्षपद इस्रोचे माजी अध्यक्ष उडुपी रामचंद्र राव यांच्याकडे होते.

त्या तिसऱ्या परिषदेच्या निमित्ताने युरोपीय अंतराळ संस्था आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी एका सनदेचा पाया घातला: मोठी नैसर्गिक आपत्ती ओढवली की सदस्य संस्थांनी आपले उपग्रह त्या भागाकडे वळवायचे आणि मिळालेली चित्रे मदतकार्यासाठी विनामूल्य द्यायची. कॅनडा त्यात सामील झाला आणि नोव्हेंबर २००० मध्ये सनद प्रत्यक्ष अमलात आली. अधिकृत यंत्रणेने कळवले की दिवसाच्या कोणत्याही प्रहरी विनंती नोंदवली जाते, कोणता उपग्रह तिथून लवकर जाणार आहे हे पाहिले जाते आणि त्याला चित्रणाची आज्ञा दिली जाते. ढग किंवा अंधार असेल, तर रडारचा उपग्रह कामी येतो.

सनद अमलात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. भूज, भचाऊ, अंजार या गावांची पडझड जमिनीवरून मोजणे अशक्य झाले होते. भारत तेव्हा सनदेचा सदस्य नव्हता. तरीही ती लागू केली गेली आणि परदेशी उपग्रहांनी कच्छची चित्रे घेतली. त्याच वर्षी इस्रो सनदेत सामील झाली, आणि तेव्हापासून दुसऱ्या देशांवर अशी वेळ आली की भारतीय उपग्रहही त्यांच्या मदतीला वळवले जातात.