दंड, निर्बंध की परवाना रद्द? रिझर्व्ह बँक आपल्या बँकेवर नजर कशी ठेवते

नमस्कार मंडळी. "रिझर्व्ह बँकेचा दणका, अमुक बँकेवर कारवाई!" असा मेसेज ग्रुपवर आला की शाहूपुरीपासून इचलकरंजीपर्यंत लोक पासबुक शोधायला लागतात. "कारवाई" म्हणजे नक्की काय, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. दंड, निर्बंध आणि परवाना रद्द या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीत ठेवीदाराचं काहीच बिघडत नाही, दुसरीत पैसे अडकतात, तिसरीत बँक बंद होते. आज हे सगळं नीट बघू. नियम कुठून येतात, तपासणीत काय बघतात, आणि त्यातलं आपल्यापर्यंत किती पोचतं.

आधी एक घोळ संपवूया. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बँक, जिल्हा बँक आणि पतसंस्था या तिन्हींच्या पाट्या एकाच गल्लीत दिसतात, पण त्यांच्यावर नजर ठेवणारे वेगळे. व्यापारी बँक आणि नागरी सहकारी बँक यांची तपासणी रिझर्व्ह बँक स्वतः करते. जिल्हा मध्यवर्ती बँकेला परवाना रिझर्व्ह बँकेचा, पण तपासणी नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण भागासाठीची राष्ट्रीय बँक, करते. आणि पतसंस्था? तिच्याशी रिझर्व्ह बँकेचा संबंधच नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते आणि तिच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. व्याज अर्धा-एक टक्का जास्त का मिळतंय, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

[स्क्रीनवर: बँकिंग नियमन कायदा, १९४९]

रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. पण बँकांना वेसण घालणारा खरा कायदा १९४९ चा. सहकारी बँका त्याच्या कक्षेत आल्या १ मार्च १९६६ पासून. तेव्हापासून नागरी बँकांना दोन मालक, म्हणजे निवडणूक आणि नोंदणी सहकार निबंधकाकडे, बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे. या दुहेरी कारभारात बरीच वर्षं "ते आमच्याकडे येत नाही" असं दोन्ही बाजूंनी म्हणता यायचं. २०२० च्या दुरुस्तीने ती पळवाट बरीचशी बुजवली. आता सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करणं, दुसऱ्या बँकेत विलीन करणं, हे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे जास्त थेट आहेत.

आता रोजचं काम. बँक तुमची ठेव घेते, त्यातला ठरावीक भाग तिला बाजूला ठेवावाच लागतो. एक सीआरआर, म्हणजे रोख राखीव. हा भाग २९ नोव्हेंबर २०२५ पासून ३ टक्के आहे आणि त्यावर बँकेला व्याज मिळत नाही. दुसरा एसएलआर, १८ टक्के, तो मुख्यतः सरकारी रोख्यांत. सीआरआर पंधरवड्याच्या सरासरीने मोजतात, पण कुठल्याही एका दिवशी तो गरजेच्या ९० टक्क्यांखाली जाता कामा नये. गेला, तर तुटीच्या रकमेवर बँक रेटपेक्षा (रिझर्व्ह बँकेने ठरवलेला एक व्याजदर) ३ टक्के जास्त दराने दंडव्याज. तूट पुढेही राहिली तर ५ टक्के जास्त. एखादी बँक सीआरआर चुकवायला लागली की समजायचं, तिथे रोकड खेचाखेची सुरू झालीय. हे फार लवकर दिसणारं लक्षण आहे.

याशिवाय बँका रिझर्व्ह बँकेला विवरणपत्रं भरतात. भांडवल, कर्जाचा दर्जा, मोठे कर्जदार, फसवणुकीची प्रकरणं, सगळं. मोठ्या कर्जांसाठी क्रिल्क नावाची वेगळी नोंदवही आहे. एका कर्जदाराकडे बँकेचे ५ कोटी किंवा त्याहून जास्त असतील, तर त्याची माहिती तिथे जाते. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीचं खातं एका बँकेत ६१ दिवस थकलं, तर दुसरी बँक त्याच मालकाला नवीन कर्ज देताना ते बघू शकते. "या बँकेचं त्या बँकेला कळत नाही" ही समजूत आता जुनी झाली.

पण विवरणपत्र भरणारी बँकच असते. ते खरं आहे का, हे बघायला तपासणी. कायद्यातलं कलम ३५. आर्थिक स्थिती साधारण ३१ मार्चची धरतात. भांडवल, मालमत्तेचा दर्जा, व्यवस्थापन, उत्पन्न, रोखता आणि यंत्रणा या अंगांनी बँक तपासली जाते. यातलं आपण एकच अंग जवळून बघू, कारण बँका बुडतात ते बहुतेक तिथूनच. कर्जाचा दर्जा.

नियम असा. मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं, की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. त्याआधी एसएमए, म्हणजे विशेष लक्ष ठेवायच्या खात्याच्या, तीन पायऱ्या आहेत. ३० दिवसांपर्यंत एसएमए-शून्य, ३१ ते ६० एसएमए-एक, ६१ ते ९० एसएमए-दोन. हे महिनाअखेरीला बघून चालत नाही, रोज दिवसअखेरीला खात्यावर शिक्का बसतो. आणि एकदा एनपीए झालं की नुसतं व्याज भरून सुटका नाही. सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज, भरल्यावरच खातं परत नियमित होतं.

कॅश क्रेडिटचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवं तेव्हा काढता-भरता येणाऱ्या कर्जाचं, गणित वेगळं, आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची गफलत इथेच होते. हप्ता नसतो, म्हणून थकबाकी नाही असं वाटतं. पण मर्यादेच्या वर सलग ९० दिवस राहिलात, किंवा ९० दिवस खात्यात जमाच नाही, किंवा जमा आहे पण लावलेल्या व्याजाइतकीही नाही, तर खातं बिघडलं. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर त्यावरची उचल अनियमित धरतात. ती तशीच ९० दिवस राहिली की एनपीए. आणि मर्यादेचं नूतनीकरण १८० दिवस रखडलं, तरी तेच. म्हणजे धंदा जोरात चालू आहे, पण कागद दिले नाहीत, तरी खातं एनपीए होऊ शकतं.

पीककर्जाला ९० दिवसांचा नियम लागत नाही. तिथे हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, लांब मुदतीच्या पिकाला एक हंगाम. लांब मुदतीचं म्हणजे ज्याचा हंगाम एका वर्षाहून मोठा. ऊसबिल उशिरा आलं म्हणून लगेच खातं एनपीए होत नाही, ते यामुळे.

मग बँक यात लपवते कशी? कर्ज नवं-जुनं करून. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगायला नको. २८ मार्चला एकाच घरातल्या दुसऱ्या नावावर नवीन कर्ज मंजूर होतं, त्याच दिवशी पैसे फिरून जुन्या थकीत खात्यात भरले जातात, आणि ३१ मार्चला पुस्तक स्वच्छ. तपासणी अधिकारी नेमकं हेच शोधतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली मोठी वाटपं घ्यायची, पैसा कुठे गेला ते खात्याखात्यातून मागे काढत जायचं, आणि एप्रिलमध्ये तो परत फिरला का ते बघायचं. दुसरी खूण म्हणजे संगणकाने लावलेला एनपीएचा शिक्का हाताने काढल्याच्या नोंदी. तो बदल कुणाच्या लॉगिनने, किती वाजता, कुणाच्या परवानगीने झाला, हे सगळं यंत्रणेत राहतं.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं प्रकरण याचंच मोठं रूप. एकाच बांधकाम समूहाची कर्जं हजारो खोट्या खात्यांच्या आड लपवली होती. २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, आणि जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

लपवलेला एनपीए उघडा पडला की भांडवल कसं खचतं, ते आकड्यांत बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या बँकेचे नाहीत.

[स्क्रीनवर: भांडवल ४८ कोटी ÷ जोखीम-भारित मालमत्ता ४०० कोटी = १२ टक्के]

जोखीम-भारित म्हणजे प्रत्येक कर्जाला वजन. रोख आणि सरकारी रोख्यांना शून्य, साध्या व्यापारी कर्जाला शंभर टक्के. बँकेने तपासणीनंतर १० कोटींची जादा तरतूद केली, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जापोटी तेवढी रक्कम बाजूला काढली. भांडवल झालं ३८ कोटी, मालमत्ताही १० कोटींनी कमी, म्हणजे ३९०. प्रमाण थेट ९.७ टक्क्यांवर. व्यापारी बँकेला ९ टक्के आणि वर अडीच टक्क्यांची उशी, म्हणजे साडेअकरा लागतात. १०० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकांना १२ टक्के गाठायला ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत होती. एवढ्या मोठ्या बँकेत १० कोटी म्हणजे किरकोळ, असं वार्षिक सभेत कुणी म्हणालं तर हे गणित आठवा.

आता कारवाईच्या पायऱ्या.

सगळ्यात खालची, दंड. तपासणी, मग कारणे दाखवा नोटीस, बँकेचं उत्तर, सुनावणी, आणि मग दंड. प्रत्येक प्रसिद्धिपत्रकात एक वाक्य असतं, की ही कारवाई नियमपालनातल्या त्रुटींसाठी आहे, ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर हे मत नाही. बातमीत हेच वाक्य गाळतात. माझा सल्ला, दंडाची रक्कम नका बघू, कारण बघा. ग्राहकांची जोखीम-वर्गवारी सहा महिन्यांनी तपासली नाही, किंवा दहा वर्षं पडून असलेल्या ठेवी वेळेत रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत वर्ग केल्या नाहीत, ही ढिलाई झाली. पण संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज, किंवा एनपीए नियमाप्रमाणे दाखवले नाहीत, असं कारण असेल, तर दंड दोन लाखांचा असला तरी तो वीस लाखांच्या दंडापेक्षा वाईट.

मधली पायरी पीसीए, तातडीची सुधारणा कारवाई. १ एप्रिल २०२५ पासून ती मोठ्या नागरी बँकांनाही लागू आहे. सर्वांत लहान वर्गातल्या बँका यात नाहीत. निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज) ६ टक्क्यांच्या वर, भांडवल कमी, सलग तोटा, असं झालं की लाभांश, नवीन शाखा, मोठा भांडवली खर्च यांवर बंधनं येऊ शकतात. ठेवीदाराच्या पैशाला हात लागत नाही.

वेगळा प्रकार म्हणजे संचालक मंडळावर रिझर्व्ह बँकेने आपला माणूस बसवणं. याचं उदाहरण आपल्याच गावचं. १९४३ साली रत्नाकर बँक म्हणून सुरू झालेली आणि आजही नोंदणीकृत कार्यालय शाहूपुरीत असलेली आरबीएल बँक. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे अतिरिक्त संचालक नेमला गेला आणि अफवा सुटल्या. तेव्हा रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून तीन आकडे दिले. ३० सप्टेंबर २०२१ ला भांडवल १६.३३ टक्के, थकीत कर्जांवरची तरतूद ७६.६ टक्के, आणि २४ डिसेंबरचं रोखता प्रमाण गरजेच्या १०० च्या जागी १५३ टक्के. नीट बघा, हेच तीन प्रश्न आहेत. तोटा सोसायला भांडवल किती? कळलेला तोटा आधीच किती पचवला? आणि उद्या लोक आले तर रोकड आहे का?

वरची पायरी कलम ३५अ चे निर्बंध. बहुधा सहा महिन्यांसाठी. नवीन ठेव नाही, नवीन कर्ज नाही, पैसे काढायला मर्यादा. परवाना मात्र शाबूत असतो, आणि बँक यातून बाहेरही येऊ शकते.

शेवटची, परवाना रद्द. त्याचंही उदाहरण कोल्हापूरचंच. सुभद्रा लोकल एरिया बँक, २४ डिसेंबर २०२०. २०१९-२० मध्ये दोन तिमाहींत किमान नक्त मालमत्तेची (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेची) अट मोडली, आणि कारभार ठेवीदारांच्या हिताविरुद्ध चालल्याचं रिझर्व्ह बँकेने म्हटलं. गंमत अशी, की सगळ्या ठेवी परत करण्याइतकी रोकड बँकेकडे आहे, हेही त्याच पत्रकात लिहिलं होतं. म्हणजे परवाना फक्त पैसे संपल्यावरच जातो असं नाही.

हे सगळं आपल्याला कुठे वाचायला मिळतं? तपासणी अहवाल बँक वाटत नाही. पण त्याचा माग राहतो. व्यापारी बँकेच्या वार्षिक अहवालात लेख्यांवरच्या टिपांमध्ये "तफावत" नावाचा तक्ता शोधा. रिझर्व्ह बँकेने काढलेला एनपीए आणि बँकेने दाखवलेला, यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक असेल तर तो तिथे छापावाच लागतो. नागरी बँकेचे सभासद असाल तर सभेआधी अहवाल पुस्तिका घरी येते. अध्यक्षांचं मनोगत आणि सत्काराचे फोटो सोडा, मागच्या बाजूने सुरुवात करा. भांडवल पर्याप्तता, ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए, तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा. "ऑडिट वर्ग अ" हा शेरा लेखापरीक्षकाचा असतो, रिझर्व्ह बँकेचा नाही. संपूर्ण क्षेत्राचं चित्र हवं असेल तर रिझर्व्ह बँकेचा बँकिंगच्या कल आणि प्रगतीचा वार्षिक अहवाल आहे, आणि वर्षातून दोनदा वित्तीय स्थैर्य अहवाल येतो.

शेवटी ठेव विमा. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका व्यक्तीला. लक्ष्मीपुरीच्या शाखेत तीन लाख आणि राजारामपुरीच्या शाखेत तीन लाख असतील, तर ते सहा लाख एकत्र धरतात आणि पाचच मिळतात. संयुक्त खातं वेगळं मोजतात. बँकेचं कर्ज तुमच्याकडे असेल तर ते आधी वळतं होतं. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत रक्कम मिळायची तरतूद आहे. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने दाव्यांची यादी द्यायची, उरलेल्या ४५ दिवसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. त्या यादीत नाव यायला तुमचं संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील लागतो. केवायसी अर्धवट असेल तर दावा तिथेच अडकतो. त्यामुळे ज्या बँकेत ठेव आहे तिथला पत्ता, मोबाईल आणि वारसाचं नाव या आठवड्यातच तपासून घ्या.