युरिया टाकला, पाऊस झाला, तरी कपाशी पिवळी का?

नमस्कार शेतकरी मित्रांनो. ही काळ्या रानातली माती, वीतभर खालून काढलेली. मुठीत दाबली की गोळा होतो, बोटाने टोचला की फुटतो. हाच वाफसा. युरियातला नत्र पिकाला घेता येईल असा करून देणारे जिवाणूही नेमका वाफसाच मागतात. ओल हवी, आणि मातीच्या पोकळीत हवाही हवी.

45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र असतं. उबदार, ओल्या जमिनीत युरिएज हे विकर दोन-चार दिवसांत युरियाचं अमोनियम करतं. चिकणमातीचे कण अमोनियमला धरून ठेवतात. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. कडुनिंबाचं तेल लावलेला युरिया यातली अमोनियमचं नायट्राइट होण्याची पायरी संथ करतो, आणि ते आपल्या फायद्याचंच आहे. कारण नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर मुळांखाली निघून जातं.

आता नुकसान कुठे होतं ते बघू. आपल्या भारी जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, बहुतेक ठिकाणी 7.5 च्या वर. अशा रानात युरिया वरच फेकला की त्यातला नत्र अमोनिया वायू होऊन उडतो. बुंध्याशी ढीग टाकला तर आणखी वाईट! तिथे अमोनिया इतका साचतो की नायट्रोबॅक्टर मंदावतो, नायट्राइट तुंबतं आणि कोवळी मुळं भाजतात. म्हणून खोडापासून 8-10 सेंटीमीटरवर, चार बोटं खोल द्या आणि मातीने झाका. सगळा एकदम नको, हप्त्याहप्त्याने द्या.

दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते. नायट्रेट बनवणारे थांबतात, आणि दुसरे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरून नत्र हवेत सोडतात. खालची पानं आधी पिवळी पडतात ती यामुळे. लगेच आणखी एक गोणी ओतू नका, तीही त्याच वाटेने जाईल.

आधी चर काढून पाणी बाहेर काढा. तोवर 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी फवारा. मग रोज वीतभर खालची माती मुठीत दाबून बघा. गोळा बोटाने फुटला की कोळपणी करा, आणि पुढचा हप्ता त्यानंतरच.