५२ दिवस, एक किल्ला आणि अळूची देठं

ही भिंत नीट बघा. खाली बरीच सपाट आहे, पोरगंसोरगं पण धावत चढेल अशी, आणि मग वर जाता जाता ती हळूहळू उभी व्हायला लागते, शेवटी पार सरळसोट. वर पोचलेला माणूस तिथेच अडकतो, पाय ठेवायला जागा नाही आणि डोक्यावर शत्रू. जपानीत या भिंतीला म्हणतात मुशा-गाएशी, म्हणजे योद्ध्याला माघारी पाठवणारी.

हा कुमामोतोचा किल्ला, जपानच्या दक्षिणेला क्युशू बेटावर. कातो कियोमासा नावाच्या सरदाराने बांधला, 1607 ला पूर्ण झाला. आता हा कियोमासा काय साधासुधा माणूस नव्हता, पण त्याला एक भीती कायमची बसली होती. 1597-98 च्या हिवाळ्यात कोरियात उल्सान नावाच्या अर्धवट बांधलेल्या किल्ल्यात तो स्वतः वेढ्यात अडकला होता, पाणी नाही, दाणा नाही, माणसांनी घोडे खाल्ले, कागद खाल्ला, भिंतीची माती सुद्धा खाल्ली. तिथून जिवंत सुटला आणि घरी येऊन किल्ला बांधला तर आत विहिरी किती, तर 120 च्या आसपास! आणि असं सांगतात की बसायच्या चटयांमध्ये गवताऐवजी अळूची वाळवलेली देठं भरली आणि भिंतीत वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या, म्हणजे अगदीच वेळ आली तर चटई उकडून खायची. (आपल्याकडे अळूचं फदफदं लग्नाच्या पंगतीत असतं, पण चटईतून काढून, हे जरा जास्तच.)

बिचारा कियोमासा गेला, अडीचशेवर वर्षं गेली, कोणी वेढा घालायला आलंच नाही. मग आलं 1877.

तोवर जपानमध्ये सगळंच उलटंपालटं झालेलं. 1868 नंतर नवं सरकार, नवे कायदे, 1873 ला सक्तीची लष्करभरती, म्हणजे शेतकऱ्याचा पोरगा पण बंदूक घेऊन सैनिक. 1876 ला सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी आणि त्याच वर्षी त्यांचा पिढीजात तनखा बंद करून हातात सरकारी रोखे टेकवले. आता ज्याच्या घरात दहा पिढ्या कमरेला तलवार होती त्याला हे कसं पटणार. सगळ्यात जास्त धुसफूस दक्षिणेत सात्सुमा प्रांतात, कागोशिमाला. आणि तिथे होता साइगो ताकामोरी. गंमत बघा, ज्या क्रांतीने हे सरकार आणलं तिचा तो हिरो, लष्करभरतीचा कायदा झाला तेव्हा सरकारात हाच मोठा माणूस होता, पण 1873 मध्येच कोरियाच्या प्रश्नावरून भांडण होऊन राजीनामा देऊन गावी येऊन बसला, शाळा काढल्या आणि तिथली तरुण पोरं त्याच्यासाठी जीव द्यायला तयार.

फेब्रुवारी 1877. कागोशिमात सहसा बर्फ पडत नाही, त्या वर्षी जोरात पडला, आणि त्या बर्फातून 13,000 च्या आसपास माणसं उत्तरेकडे निघाली. टोकियोला जाऊन सरकारला जाब विचारायचा म्हणून. वाटेत कुमामोतो. साइगोच्या नावाने किल्ल्यात आधीच पत्र गेलेलं, आम्ही येतोय, तुमच्या फौजेने रांगेत उभं राहून आमचा हुकूम घ्यावा. म्हणजे लढाई होईल असं गृहीतच धरलं नव्हतं! साइगोचा उजवा हात किरिनो तोशिआकी, तो काही वर्षांपूर्वी याच किल्ल्यातल्या फौजेचा प्रमुख होता, आणि तो म्हणे म्हणाला की हा किल्ला घ्यायला बांबूची एक काठी पुरे. आतले सैनिक सगळे भरती केलेले शेतकरी ना.

आत किल्लेदार कोण तर जनरल तानी तातेकी, हाताखाली साडेतीन हजारांच्या आसपास शिबंदी. आणि ही शिबंदी आधीच हादरलेली, कारण चारच महिन्यांपूर्वी कुमामोतोतल्याच सामुराईंनी रात्री छापा घालून त्यांच्या आधीच्या प्रमुखाला मारलं होतं. त्यामुळे तानीने ठरवलं, बाहेर मैदानात जायचं नाही, दार लावून बसायचं.

त्यात 19 फेब्रुवारीला, शत्रू पोचायच्या आधीच, मुख्य बुरूजवाड्याला आग लागली. सहा मजली इमारत जळून खाक, सोबत साठवलेलं धान्य पण. आग कुणी लावली यावर जपानी लोक आजही वाद घालतात, सात्सुमाचा हेर की अपघात की तानीने स्वतःच. मग काय, पळापळ करून गावातून परत तांदूळ गोळा केला.

22 तारखेला हल्ला सुरू झाला. सात्सुमाची माणसं शूर होती यात वादच नाही, तलवारी घेऊन भिंतीला भिडली, आणि भिंतीने तेच केलं ज्यासाठी ती बांधली होती. वरून ती शेतकऱ्यांची पोरं गोळ्या घालतायत. दोन-तीन दिवसांत सात्सुमाला कळलं की हे काठीचं काम नाही, आणि मग वेढा. नद्यांना बांध घालून किल्ल्याभोवती पाणी सुद्धा भरून बघितलं. नंतर साइगो म्हणाला म्हणे, मी सरकारी फौजेपुढे नाही, कियोमासापुढे हरलो. खरंच म्हणाला का देव जाणे, पण कुमामोतोत हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

आत हाल होतेच, भाताऐवजी भरडधान्याची पेज. बाहेर सरकारी कुमक उत्तरेला ताबारुझाका नावाच्या एका चढावर अडकलेली, 17 दिवस, पावसात. तिथे सात्सुमाच्या जुन्या ठासणीच्या बंदुका भिजून बंद पडायच्या, आणि सरकारी बाजूने एकेका दिवसात तीन लाखांवर गोळ्या उडाल्या. 20 मार्चला तो चढ पडला तरी किल्ला अजून लांबच.

शेवटी मदत आली ती दुसऱ्याच बाजूने, दक्षिणेकडून, समुद्रातून उतरलेली फौज. 14 एप्रिलला तिच्यातली एक तुकडी मुसंडी मारत किल्ल्यापाशी पोचली. पुढे होता यामाकावा हिरोशी, आइझु प्रांताचा माणूस. नऊ वर्षांपूर्वी याच सात्सुमाच्या फौजेने त्याच्या आइझुच्या किल्ल्याला वेढा घातला होता, आणि त्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याची बायको गेली होती. सात्सुमाने उरलेला वेढा उठवला, सप्टेंबरात कागोशिमाच्या टेकडीवर साइगो संपला.

आणि यामाकावाला काय मिळालं? हुकूम नसताना पुढे का घुसलास म्हणून वरिष्ठांची बोलणी.