चित्ररथावरची गुराब: नाळ वर उचलू नका!

नमस्कार मंडळी! श्रावण लागला की माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न दहा तऱ्हांनी येतो. "ताई, यंदा नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत आरमार दाखवायचं ठरलंय, गुराब कशी करायची?" "ताई, गलबताचं माप सांगा." "ताई, शाळेच्या मुलांना घेऊन जहाज बनवतोय, फोटो पाठवतो, बरोबर आहे का बघा." फोटो मी सगळे बघते. गेल्या वर्षी आले त्यातल्या बहुतेकांत एकच चूक होती, म्हणून आजचा व्हिडिओ त्या एकाच चुकीवर आहे.

आधी मुळातलं पटकन सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊकच आहे. कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली 1657 साली आणि तिथल्या खाडीवर महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं 1664 ला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हेच आरमार इतकं वाढवलं की इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना त्यांच्याशी हिशेब करूनच समुद्रात उतरावं लागे. आरमारातली मुख्य जहाजं दोन, गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. आज्ञापत्रात, म्हणजे मराठा काळातल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमाराचा एक ताफा सांगितलाय तो पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा. तेव्हा मंडळाकडे दोन-तीन गाड्या असतील तर एकीवर गुराब ठेवा आणि बाकीच्यांवर गलबतं. झालं मुळातलं.

आता चुकीकडे येते. तुमच्या चित्ररथावरच्या जहाजाचं पुढचं टोक आकाशाकडे गेलेलं असतं. छाती काढून उभं राहावं तसं. त्यावर एखादा कोरीव सिंह, मागे मोठं गोल चक्र, आणि चक्र फिरवणारा मावळ्याच्या वेशातला मुलगा. मंडळी, हे युरोपातलं जहाज झालं. गुराब नव्हे.

चक्राचं आधी संपवते. हातांनी फिरवायचं ते सुकाणूचं चक्र युरोपी जहाजांवरच अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. महाराज गेले 1680 ला. मग शिवकालीन जहाजावर चक्र येईल कुठून? सुकाणूला आडवा दांडा असायचा. एक मजबूत बांबू लावा आणि त्या मुलाला त्याच्यामागे उभं करा. तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, म्हणून तो तिथेच शोभेल.

खरी गोष्ट आहे नाळेची. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. आपल्याकडे अजूनही म्हणतात, होडीची नाळ. गुराबीची नाळ वर चढत नाही. ती पाण्याला धरून, लांब, पुढे निघते, सुरीच्या पात्यासारखी. (इथे हातातलं लाकडी मॉडेल कॅमेऱ्यासमोर आडवं धरते.) हे बघा. मुख्य डेक ज्या पातळीवर, नाळेवरचा डेकही त्याच पातळीवर. दोघांच्या मधे एक आडवी लाकडी भिंत. रॉबर्ट ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या गुराबींचं जे वर्णन केलंय त्यात हे सगळं स्वच्छ आहे: रुंदीला भरपूर, पाण्यात फार खोल न बसणाऱ्या, मधल्या भागापासून पुढे निमुळत्या होत गेलेल्या, आणि पुढे ही लांब नाळ.

गेल्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाने लिहिलं, "एवढा फरक कोणाला कळतो? लोक तर टाळ्या वाजवतात." दादा, मला वाईट वाटलं. लोकांना कळत नाही, कारण आपण दाखवलंच नाही. माझं आजोळ देवगडच्या बाजूचं. आजोबा होड्यांचे मिस्त्री. त्यांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, अजून घरात आहे, दांड्यावर हाताची पकड जिथे यायची तेवढाच भाग काळा आणि गुळगुळीत. फळ्यांच्या फटीत कापूस ठासताना ते कान लावून असायचे. फट रिकामी असली की ठोक्याचा आवाज पोकळ येतो, भरली की भरीव येतो. आवाज बदलला की पुढची फट. फटीत बोट घालून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. इतक्या बारकाईने केलेलं काम ज्या किनाऱ्यावर झालं, तिथल्याच मिरवणुकीत आपण दुसऱ्याच मुलखाचं जहाज फिरवायचं?

बरं, नाळ खाली का? पहिलं कारण पाणी. अशी लांब, खालची नाळ समोरच्या लाटेत जोरात बुडते आणि उसळते. लाट थेट नाळेवर चढते. म्हणून नाळेवरच्या डेकला कडेने कठडा ठेवलेलाच नसायचा. आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जायचं. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं की होडीच्या या भागाला कठडा का नाही, तर म्हणाले, "बाय, पाण्याक वाट देवक व्हयी." ते बोलत होते मासेमारीच्या साध्या होडीबद्दल. ऑर्मचं वर्णन वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. म्हणजे चित्ररथ करताना नाळेला कठडा लावू नका, झेंडूच्या माळासुद्धा मागच्या भिंतीवर सोडा. नाळ मोकळी.

दुसरं कारण तोफा. आता नीट ऐका, कारण इथेच सगळे फसतात. गुराबीच्या दोन जड तोफा पुढे तोंड करून असायच्या. त्या ठेवलेल्या मुख्य डेकवर, त्या आडव्या भिंतीच्या मागे. भिंतीत दोन भोकं, त्यातून तोफांची तोंडं, आणि गोळा जायचा नाळेच्या वरून. आता तुम्ही नाळ वर उचलली तर गोळा जाणार कुठे? आपल्याच जहाजाच्या तोंडावर बसेल. बाजूलाही तोफा असायच्या, पण त्या हलक्या. तुमच्या चित्ररथावर बाजूला दहा-दहा तोफा आणि पुढे एकही नाही, हे उलटं झालं.

तिसरं कारण लढाईची रीत. आंग्र्यांची जहाजं शत्रूच्या मागच्या अंगाला यायची, कारण तिथून त्याच्या बाजूच्या तोफा लागू पडत नाहीत. पुढच्या तोफांनी त्याची शिडं आणि दोर फाडायचे. तो लंगडा झाला की जवळ जायचं आणि तलवारी घेऊन त्याच्या जहाजावर उतरायचं. उतरायचं कुठून? नाळेवरूनच. ती त्यांची वाट होती, पुढे टाकलेल्या फळीसारखी. उभ्या टोकावरून माणसं धावत जातील का? नाही ना? मग नाळ आडवीच हवी.

वारा पडला तर काय, हा प्रश्नही येतो. तेव्हा गलबतं वल्ही मारत गुराबीला ओढून न्यायची. म्हणून म्हटलं, गलबत सोडू नका. मुलांना वल्ही मारायला द्या, मिरवणुकीत सगळ्यात जास्त मजा त्यांनाच येते.

मधेच काही कमेंटना उत्तर देते. एका ताईंनी विचारलंय, गुराब हा अरबी शब्द आहे, अरबीत त्याचा अर्थ कावळा, मग आपण तो का वापरायचा? वापरायचा, कारण आपल्याच कागदपत्रांत तो आहे. समुद्र सगळ्यांचा. अरबांची जहाजं आपल्या बंदरात यायची, आपली त्यांच्याकडे जायची. महाराजांच्या सुरुवातीच्या जहाजबांधणीत पोर्तुगीज कारागीरही होते. शिकण्यात कमीपणा नसतो.

दुसरे एक जण म्हणतात, नौदलाने शिवलेलं जहाज बांधलं, आपलंही तसंच दाखवूया. ते आहे कौंडिण्य, 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात आलं. फळ्या काथ्याच्या दोरांनी शिवलेल्या, आणि आधार अजिंठ्यातल्या चित्राचा. मला ते फार आवडतं. पण तो काळ गुराबीच्या हजारेक वर्षं आधीचा. दोन्ही दाखवा, पण दोन वेगळ्या गाड्यांवर. एकाच जहाजाला दोर आणि तोफा नकोत.

तिसरा प्रश्न, लाकूड कुठून यायचं. साग, तोही परवानगीने तोडलेला. आज्ञापत्रात आंबा-फणसाबद्दल मुद्दाम सांगितलंय की ही झाडंही जहाजाला उपयोगी, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. हे मला मिरवणुकीत कधीच दिसत नाही. एखाद्या मुलीच्या हातात फणसाचं रोप द्या आणि जहाजापुढे चालवा. शंभर घोषणांपेक्षा ते मला जास्त आवडेल.

आणखी एक म्हणतात, मुंबईचा जहाजबांधणीशी काय संबंध, तिथे फक्त कोळी बांधव नारळ सोडतात. असं नका म्हणू. वाडिया घराण्यातले लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि इथल्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली गेली. तिथेच बांधलेलं, 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे, लोक तिकीट काढून बघतात. त्याच्या कण्याच्या लाकडात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी झाला होता. म्हणजे जहाज बांधतानाही सोहळा होताच. आपल्याकडे खंडेनवमीला मिस्त्री आपली हत्यारं मांडतात, वाकस, पटाशी, रंधा, सामता, त्यांना हळदकुंकू लावतात. नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलवा आणि त्यांची हत्यारं टेबलावर मांडा. शाल-श्रीफळ द्याच, पण माईकही द्या. ते बोलतील ते कोणत्याही फलकावर लिहिलेलं नसेल.

आणि जमलंच तर मुलांना विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी न्या. वाघोटण खाडीच्या काठाला खडक फोडून केलेली आरमाराची गोदी आहे तिथे. 2025 मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून गडांवर गर्दी वाढलीय, चांगलंच आहे. पण गडावर जाऊन गोदी न बघता परतू नका. 1756 मध्ये याच विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या जहाजांचा जन्म कसल्या जागी व्हायचा, ते गोदीच्या काठावर उभं राहिलं की कळतं.

आता परत नाळेकडे. तुम्ही म्हणाल, ताई, कळलं सगळं, पण टेम्पोवर जमत नाही. हे मात्र खरं आहे, आणि गेल्या वर्षी आमच्याच मंडळात माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मी मापं काढून दिली होती. मिरवणुकीच्या सकाळी बघते तर नाळ वर वाकवलेली. कारण काय? पुढे टेम्पोची केबिन! नाळ आडवी काढली तर ड्रायव्हरच्या काचेवर येते. म्हणून कोणी तरी रात्री बांबू कापून ती केबिनच्या वरून नेली. त्या पोरांना मी काय बोलणार, रात्रभर जागून त्यांनी काम केलं होतं. पण तेव्हा मला कळलं की आपल्या गुराबी चुकतात त्या गाडीमुळे.

म्हणून यंदा आम्ही टेम्पो सोडलाय. चार चाकांचा बुटका गाडा केलाय, पुढे केबिन नाही, काही नाही. गाडा ओढायला दोन जाड दोर, आणि दोराला माणसं. पावसाळ्याआधी आपण होड्या किनाऱ्यावर ओढतो ना, सगळी वाडी जमते, तांडेल हाळी देतो आणि बाकीचे एकदम जोर लावतात, तसंच. रस्त्यावर चढ असेल तिथे मागे दोन माणसं लाकडाची पाचर घेऊन चालतील, गाडा मागे सरायला नको. नाळेसाठी ओल्या बांबूच्या कामट्या घ्या. सुकल्या बांबूला बाक देताना तो मोडतो. कामट्या मधल्या भागापासून पुढे एकत्र आणत न्या, आणि टोकाशी बांधायच्या आधी जमिनीपासून उंची मोजा: मुख्य डेकची आणि नाळेची. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. सुतळी त्यानंतर.

थर्माकोल वापरू नका, त्यावर बंदी आहे. पुठ्ठा आणि जुनी सुती कापडं पुरतात. रंगाला घाई करू नका, आधी सांगाडा बाजूने बघून घ्या.

मला फोटो पाठवाल तेव्हा तोही बाजूनेच काढलेला पाठवा. समोरून काढला की नाळ खाली आहे की वर, काहीच कळत नाही.